बुक्क्याचं चित्र

१

पत्र्यावर चित्र काढायचं तर पहिले दोन दिवस रंगाच्या डब्याला हात लावायचा नाही. आधी पत्रा पॉलिश पेपरनं घासायचा, राखेनं धुवायचा, उन्हात कोरडा करायचा. मग लाल ऑक्साईडचा एक हात. तो वाळला की पांढरं अस्तर. घाई करणाऱ्याच्या रंगाला दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे येतात. मी रंगवलेले बोर्ड लोहारा गावच्या बाजारात चाळीस वर्षं झाली तरी तसेच आहेत. काही दुकानदार मरून गेले, रंग गेला नाही. शाळेची पायरी मी चढलो नाही; अक्षरं शिकलो तीही बोर्ड रंगवता रंगवता. हे सांगायचं कारण एवढंच, की पुढं जे झालं ते रंग कच्चा होता म्हणून झालं असं कुणी म्हणू नये. रंग कच्चा नव्हता.

रणधीर आला तो रविवारी सकाळी. गाडी दारात उभी केली, उतरलाही नाही.

"गोरोबाकाका, एक काम हाय. चुलतीच्या बोकडाचं चित्र काढून द्या. मोठं पायजे, भितीला लावाय."

त्याची चुलती म्हणजे वनमालाबाई. गाव तिला वनाक्का म्हणतं. माझ्या घरापासनं तिसरं दार. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, पोरबाळ नाही. होता तो एक बोकड. अंगावर एक पांढरा केस नाही, काळा कुळकुळीत, म्हणून नाव बुक्का. जन्मला त्याच दिवशी त्याची आई मेली, तेव्हापासनं बाटलीनं दूध पाजून तिनं वाढवला. पाच वर्षं तो तिच्या मागं मागं. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, कुणाच्या मयतीलासुद्धा. बाया चेष्टा करायच्या, "वनाक्का, आज लेकाला घरीच ठिवलाव व्हय?" ती म्हणायची, "येतोय मागनं. रुसलाय जरा."

मंगळवारी बुक्का टेम्पोखाली गेला. लोहारा रस्त्याला. रणधीरनंच बघितला, रणधीरनंच ओढ्याला पुरला. असं रणधीर सांगत होता.

"चार-पाच दिस झाले, जेवाय तयार न्हाय वो ती," तो म्हणाला. "रोज येऊन आमच्या दारात बसायली. कुठं पुरलास दाखव म्हनती. आता मेलेलं जनावर उकरून दाखवू का? चित्र दिलं म्हंजी गप बसंल."

त्यानं बुक्क्याचा फोटो माझ्या हातात दिला आणि गाडी वळवली.

'गप बसंल' हे मला टोचलं. पण गोरोबाला राग येत नाही, असं गावात म्हणतात. सत्तर वर्षं मीही तेच खरं धरून बसलो होतो.

२

मी आधी अंग भरतो. कुठलंही जनावर असो, पहिल्यांदा पोट, पाठ, पाय. तोंड शेवटी. बुधवारी सकाळी बुक्क्याचं अंग भरायला घेतलं आणि दुपारपर्यंत भरलं. काळा ऑइल पेंट, नवा डबा, दोन हात. पत्रा भिंतीला टेकवून ठेवला. माझी खोली एवढीशी. एक दार, एक खिडकी, वर पत्रे. चैत्राच्या उन्हात रंग तिथं भाकरी भाजावी तसा वाळतो.

गुरुवारी सकाळी उठलो तर मागच्या उजव्या पायावर रंग नव्हता.

पायाचा वरचा भाग, लांबट, वीतभर. तेवढंच पांढरं अस्तर दिसत होतं. मी जवळ गेलो. पोपडा पडला असता तर कडा दातेरी दिसल्या असत्या, खाली टरफल सापडलं असतं. खाली काही नव्हतं. कडा सुरीनं कापल्यासारख्या स्वच्छ.

मी म्हणालो, तेलकट हात लागला असेल. पत्र्याला तिथं तेल राहिलं की रंग धरत नाही. टरपेंटाइननं पुसलं, कोरडं केलं, पुन्हा काळं भरलं. दार-खिडकी बघितली. पाल असेल, उंदीर असेल, असं म्हणत म्हणत भाकरी खाल्ली. खाताना माझ्या ध्यानात आलं की मी चित्राकडं पाठ करून बसलोय. का, ते कळलं नाही.

शुक्रवारी ती जागा पुन्हा पांढरी होती. आणि बरगडीखाली दुसरी एक उघडी पडली होती. तळहाताएवढी.

३

शनिवारी मी ठरवलं, नजर काढायची नाही. सकाळच्या उजेडात दोन्ही जागा भरल्या आणि समोर पाट टाकून बसलो. रंग ओला चकाकत होता. बसल्या बसल्या तोंड काढावं म्हणून ब्रश उचलला. कपाळावर काळा ओढला.

ब्रशातनं रंग सुटेना.

ब्रश ओला, रंग पातळ, पत्रा तोच. कानामागं, मानेवर रंग बसत होता; तोंडावर टेकवला की पाण्यावरनं ओढल्यासारखा कोराच जायचा. मी ब्रश बदलला. बोटानं लावून बघितला. बोट काळं, पत्रा पांढरा. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. मला भीती वाटायच्या आधी लाज वाटली. हात गेला म्हातारपणी, असं वाटलं.

पाणी प्यायला माठाकडं वळलो. एक तांब्या, तेवढाच वेळ. वळून बघितलं तर पायावरचा आणि बरगडीखालचा ओला रंग गेला होता. जमिनीवर थेंब नाही. फडकं कोरडं. खोलीत माझ्याशिवाय कुणी नाही.

पत्र्यावर बिनतोंडाचा बोकड उभा होता, आणि तोंडाच्या जागी पांढरं होतं तरी तो माझ्याकडंच बघत होता असं मला वाटलं. तोंडच नाही तर बघेल कशानं, असं मी मोठ्यानं म्हणालो. माझाच आवाज मला परका लागला.

तेवढ्यात दारात सावली पडली. वनाक्का. मी झटकन चादर ओढून पत्रा झाकला.

४

ती उंबऱ्यावर टेकली. आठ-दहा दिवसांत बाई चिपाड झाली होती.

"काय काढायलाव, भाऊजी?"

"कुनाचा तरी बोर्ड हाय."

मी तिच्याशी खोटं बोललो. भेट आहे, आधी सांगायची नाही, असं रणधीरनं बजावलं होतं.

"म्या दोनदा रस्त्याला जाऊन आले," ती म्हणाली. "टेम्पोखाली गेला म्हंत्यात. रगताचा थेंब न्हाय कुठं. ओढ्यालाबी माती उकरलेली न्हाय. म्या हातानं चाचपून बगितली, बायला येडं म्हनतील पर बगितली."

"वनाक्का, दोन घास खावा. असं किती दिवस?"

"गिळतच न्हाय. त्या मंगळवारी जेवले ती शेवटची. रणधीरच्या आईनं डबा पाठिवला व्हता, कलेजी. कंदुरीची म्हनं. कधी न्हाय ती माझी आठवन झाली तिला. पोटभर खाल्ली म्या. बुक्क्याला हाका मारत मारत खाल्ली, हाडं राखून ठिवावी म्हनलं कुत्र्याला, तर कलेजीला कुठली हाडं." ती थोडी हसली. मग पोटावर हात ठेवून हळू म्हणाली, "तवापासनं घास तोंडात घेतला की आत कायतरी सरकतं, भाऊजी. जागा करून दिल्यासारखं."

ती गेल्यावर मी चादर काढली नाही. चादरीवरनंच हात ठेवला. बरगडीखाली, जिथं दुसरी जागा उघडी पडली होती तिथं. काळीज तिथंच असतं.

मी सावकाश विचार करणारा माणूस. मला वेळ लागतो. पण एकदा हाताला लागलं की सुटत नाही.

५

रणधीरच्या बोअरला पाणी लागलं म्हणून त्यानं त्या मंगळवारी माळावरच्या म्हसोबाला बोकड कापून कंदुरी केली होती. कंदुरीचा आमच्याकडचा रिवाज असा: बाप्यांनी माळावर जमायचं, ताट घरनं न्यायचं, शिजलेलं तिथंच संपवायचं, नवसवाल्याच्या घरी जाते ती कलेजी सोडून घरी काही आणायचं नाही. आणि बोकड कुणाचा, कुठनं आणला, हे विचारायचं नाही. देवाचा झाला की तो कुणाचा राहत नाही. वाटे ठरलेले असतात. ज्याचा नवस त्याला मुंडी. कापणाऱ्याला पाय. पंगतीत वयानं थोर त्याला नळी.

त्या दिवशी पंगतीत थोर मी होतो.

बिराप्पा धनगर माळावर शेरडं चारतो, कंदुरीचं जनावर तोच कापतो. मी उन्हात चालत त्याच्याकडं गेलो. तो बाभळीखाली बसला होता, दोन्ही पाय फडक्यानं गुंडाळून.

"बिराप्पा, मंगळवारचा बोकड कुनाचा?"

"इचारत नस्त्यात, गोरोबा."

"म्या इचारायलोय."

त्यानं लांब गेलेल्या शेरडाला एक खडा मारला.

"रणधीर म्हनला, चुलतीनं खुशीनं दिलाय. व्यापाऱ्यानं आणलेल्या बोकडाच्या कपाळावर पांढरा टिळा निघाला. नवस बिनडागी काळ्याचा. मानसं तर येऊन बसलेली." त्यानं पायाचं फडकं घट्ट केलं. "त्यो वरडला न्हाय गोरोबा. म्या इतके कापले, समदे वरडत्यात. हेनं माझा हात चाटला. मला वाटलं, घरचं मानूस समजला असंल."

"पायाला काय झालंय?"

"काय न्हाय," तो म्हणाला आणि पाय धोतराखाली ओढून घेतले.

परत येताना मी बांधाला बसलो आणि घशात बोटं घातली. इतक्या दिवसांमागचं अन्न पोटात उरत नाही, हे मला कळतं. तरी घातली. रणधीर स्वतः माझ्या ताटात वाढायला वाकला होता. "काका, नळी तुमाला." मी ती चोखली होती. दगडावर आपटून आतलं काढलं होतं आणि म्हणालो होतो, लई झकास झालंय.

ती वीतभर लांबट जागा. मागचा उजवा पाय. ती माझी होती.

राग म्हणजे काय, हे मला त्या बांधावर कळलं. तो पोटातनं वर येत नाही. तो पायांतनं येतो, आणि मग माणूस चालत सुटतो.

६

सोमवारी रणधीर चित्र न्यायला आला. मोबाईल काढूनच आला. चुलतीला चित्र देताना व्हिडिओ करायचा होता.

मी चादर ओढली. एव्हाना अंगावर आणखी सात-आठ जागा उघड्या पडल्या होत्या. पाठीवर, खांद्यावर, चारी खुरांना. पंगतीला बसलेल्या एकेकाची म्हणून दाखवता आली असती.

"हे काय? तोंड कुठं हाय?"

"मुंडी ज्यानं खाल्ली त्याला इचार."

त्याचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. मग तो हसला. त्या हसण्यावर माझ्या हातातला ब्रश मोडला.

"कुनी सांगितलं? बिराप्पानं? काका, जनावर हुतं. आज ना उद्या मरनारच हुतं. मानसं ताटं घिऊन बसल्याली, माझी इज्जत गेली असती."

"तिला इचारायचं व्हतंस."

"दिला असता का तिनं?"

"न्हाय."

"मग!" तो म्हणाला, जसा काही त्यानं वाद जिंकला. "आन् तुमी कशाला येवढं तापायलाव? तुमी बी जेवलाव की. रस्सा दोनदा मागितलाव, म्याच वाढला."

"व्हय. म्या जेवलो. पर तिला तिच्याच लेकराचं काळीज डब्यात घालून कुनी पाठिवलं?"

"आईनं पाठिवलं. ती म्हनली, येवढी मोठी कंदुरी, चुलतीला काय तरी द्यावं. तिला काय ठावं कुनाचा बोकड." तो दारात जाऊन थांबला. "सांगा तिला. जावा, सांगा. म्हातारी आधीच अर्धी झालीय. ऐकून मेली तर पाप तुमच्या डोस्क्यावर. त्यापरीस गुमान तोंड रंगवा."

तो बरोबर बोलत होता, याचाच मला जास्त राग आला. दोन दिवस मी त्या खोलीत चित्रासमोर बसून राहिलो. सांगावं तर ती मरेल. न सांगावं तर ओढ्याची माती चाचपत मरेल, आणि तिच्या उशाशी माझ्या हातचं खोटं टांगलेलं असेल. बोर्डावर मी आजवर दुसऱ्यांचं लई खोटं लिहिलं. 'शुद्ध', 'अस्सल', 'एकच भाव'. ते लिहिताना मला ते वाचता येत नव्हतं. हे वाचता येत होतं.

७

बुधवारी सकाळी पत्रा डोक्यावर घेऊन गेलो. तिच्या अंगणात भिंतीला टेकवला आणि चादर काढली.

वनाक्का पुढं आली. बिनतोंडाचा, जागोजागी पांढरा पडलेला तो बोकड तिनं ओळखला. खुंट्याला दावं तसंच होतं, त्याच्याशेजारी ती खाली बसली.

"भाऊजी, हे असं का?"

"भरत न्हाय. ज्यानं जे खाल्लं ते भरत न्हाय." आणि मी सगळं सांगितलं. कंदुरी, टिळा, बिराप्पा. सांगताना तिच्याकडं बघितलं नाही, पायाच्या नखांकडं बघत राहिलो.

तिनं हात लांब करून त्या लांबट जागेवर बोट ठेवलं. "ही?"

"नळी. म्या खाल्ली."

तिनं मान हलवली. बोट खांद्यावर गेलं, पाठीवर, खुरांवर. मी नावं सांगत गेलो. मग बोट बरगडीखाली थांबलं.

"आन् ही?"

मी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडं बघितलं.  तिचा दुसरा हात हळूहळू तिच्या स्वतःच्या पोटावर गेला. तिला कळलं.

मी वाट बघत होतो की ती आरडेल, ऊर बडवेल, माझ्या तोंडात मारेल. मला ते हवं होतं. तिनं खुंट्याचं दावं मांडीवर ओढून घेतलं. मग तिनं माझ्याकडं बघितलं, आणि तिचा चेहरा उजळलेला होता.

"म्हंजी बाहीर कुठं गेलाच न्हाय त्यो," ती म्हणाली. "भाऊजी, मला भूक लागली."

चित्र तिनं बाहेरच्या भिंतीला, रस्त्याच्या बाजूला लावायला सांगितलं. तोंड भरायचा प्रयत्न करू नका म्हणाली. ज्याचं त्यो भरंल.

८

दुसऱ्या दिवसापासनं बाप्ये त्या गल्लीतनं जायचे बंद झाले. वळसा घालून देवळामागनं जायचे. मी मात्र रोज जात होतो. तिसऱ्या दिवशी बरगडीखालची जागा काळी झालेली दिसली. मी जवळनं बघितलं. ब्रशाचा माग नव्हता. बोट लावलं तर ती जागा उन्हानं तापल्या पत्र्यासारखी कडक नव्हती. कोमट होती, जित्या अंगासारखी.

दार लोटलेलं होतं. मी फटीतनं आत बघितलं, हाक मारणार होतो.

वनाक्का खाली जमिनीवर बसली होती, भिंतीला पाठ लावून. मांडीवर शेवरीचा ओला पाला. ती एक एक डहाळी उचलून खात होती, सावकाश, जबडा आडवा हलवत. ओठाच्या कडेला हिरवा रस. मी म्हणालो, भुकेनं माणूस काहीही खातं. दुष्काळात लोकांनी पाला खाल्लाय. मी स्वतःला असं सांगत असतानाच तिनं मान वळवून उजेडाकडं बघितलं.

मी आयुष्यभर जनावरं रंगवलीत. माणसाचं बुबुळ गोल असतं. मांजराचं उन्हात उभं होतं. शेरडाचं आडवं असतं.

मी उलट्या पावली अंगणात आलो.

रणधीर त्याच दुपारी माझ्याकडं आला. खुशीत होता. "काका, चुलती जेवाय लागली म्हनं! आमच्या दारात यायची बंद झाली. बगा, उगं बोंबलत हुताव. चित्रानं काम केलं का न्हाय?"

त्याच्या तोंडाकडं मी बघत राहिलो. माझ्या आत काहीच हललं नाही. दया नाही, भीती नाही. फक्त पायांतनं तो बांधावरचा राग वर चढत होता.

"केलं," मी म्हणालो. "चल की, तिला भेट. तुझी वाट बघायली."

आम्ही गल्लीतनं चालत गेलो. चित्राकडं त्यानं बघितलं नाही. दारात चपला काढल्या, "चुलतेऽ" अशी गोड हाक मारली आणि वाकून आत गेला. आतनं वनाक्काचा आवाज आला, लई मायेचा. "ये माझ्या वाघा. बस असा. तोंड बगू दे तुझं."

मी बाहेरनं दार ओढलं आणि कडी घातली.

कुणी मला विचारलं तर सांगेन, मीच घातली. भर दुपार होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आतनं रणधीर एकदा म्हणाला, "काका?" मोठ्यानं नाही, विचारल्यासारखा. मग काही नाही. मी भिंतीवरच्या चित्राकडं वळलो. कपाळावरनं काळं खाली उतरत होतं, शाईचा टिपकागद भिजावा तसं. डोळ्यांपर्यंत आलं. नाकापर्यंत. ओठ झाले. असं तोंड मला आयुष्यात काढता आलं नसतं.

मग दार आतनं वाजलं. हातानं नव्हे. खालनं, गुडघ्याएवढ्या उंचीवर, ढुसणी दिल्यासारखं. एकदा. थांबून परत एकदा.

चित्रात बऱ्याच जागा पांढऱ्या होत्या अजून. त्यातली मागच्या उजव्या पायावरची मला दुरूनही ओळखू येत होती. मी ओट्यावर टेकलो, धोतर वर सारून उजव्या पायाच्या नडगीवरनं एकदा हात फिरवला. घाई कधी केली नाही, आताही केली नाही.

मग उठलो आणि माझ्या वाट्याचं परत करायला कडी काढली.